माहीत असण्याचा भाव

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. मृग लागला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून मी पुण्याहून गावी आलो होतो. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, लातूर आणि नांदेड यांच्या साधारण मधोमध. संध्याकाळी कॉल संपवून ओट्यावर येऊन बसलो, तर गल्लीतली मावशी आली. ही माझी सख्खी मावशी नव्हे. आईला ती अक्का म्हणते, म्हणून आमची मावशी.

तिने पदराखालून एक पुरचुंडी काढली आणि गाठ सोडली. आत अकरा रुपये होते. चांदीचे, काळे पडलेले, झिजलेले.

"उद्या अहमदपूरला चाललास म्हणं. एवढे सराफाकडं टाकून ये बाबा. बी आणायचंय."

सराफाने नगाला सहाशे सांगितले होते. मी एकेक नाणं उचलून बघायला लागलो. तीन वर्षं हाच नाद लागला होता, त्यामुळे हात आपोआप साल शोधतो. १९०४, १९०७, १९१६, १९१८. दोन नाण्यांना टाका लावून कडी जोडलेली. आणि एकावर १९११.

तेव्हा मी एक वाक्य बोललो आणि एक वाक्य बोललो नाही. बोललो ते असं: "सहाशेला कशाला देतेस मावशी, मीच घेतो की सातशेनं." बोललो नाही ते असं: "यातलं हे एक नाणं वेगळं आहे."

मावशीने सात हजार सातशे मोजून घेतले. जाताना म्हणाली, "देव तुझं भलं करो." हा लेख त्या न बोललेल्या वाक्याबद्दल आहे.

नाद कसा लागला

आधी १९११ चं प्रकरण सांगतो. पंचम जॉर्ज गादीवर आल्यानंतर त्याच्या चित्राचा पहिला रुपया त्या साली निघाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर एका मानचिन्हाचा भाग म्हणून छोटासा हत्ती कोरला होता. नक्षीकाराने त्याची सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसला. राजाने अंगावर डुक्कर मिरवलंय अशी बोंब झाली. सरकारने नाणी मागे घेतली, साचा बदलला आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. मागे घेतलेली नाणी वितळवली गेली. जी थोडी लोकांच्या हातात राहिली त्यांना संग्राहक 'पिग रुपी' म्हणतात आणि चांदीच्या भावाच्या कितीतरी पट जास्त पैसे मोजतात.

म्हणजे ज्या चुकीमुळे लोकांनी तो रुपया नाकारला, त्याच चुकीमुळे आज त्याला भाव आहे. फक्त ही गोष्ट माहीत असावी लागते.

मला हे जन्मतः माहीत नव्हतं. नांदेडला विष्णुपुरीच्या एसजीजीएसमधून इंजिनिअरिंग केलं, नोकरी लागली, आणि पहिल्या बोनसचं मी बँकेतून दहा ग्रॅमचं सोन्याचं नाणं घेतलं. चोवीस कॅरेट, ९९९, सीलबंद पाकीट. दोन वर्षांनी पैशांची गरज पडली तेव्हा कळलं की बँका सोन्याची नाणी विकतात, पण परत घेत नाहीत. सराफाकडे गेलो तर घेताना दिलेला बाजारापेक्षा चढा दर, त्यावरचा तीन टक्के जीएसटी आणि आता विकतानाची कपात, सगळं माझ्याच खिशातून गेलं. कोणी खोटं बोललं नव्हतं. मी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मग २०२० मध्ये लॉकडाऊनला घरी आलो आणि आजीच्या पेटीत तीन रुपये सापडले. दोन राणीछाप, एक चारमिनारचा. आजीला दाखवले तर तिने आधी विचारलं, "कलदार हाय का हाली?"

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या आजी विचारणार नाहीत. आपला मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. त्यावर चारमिनारचं चित्र. सीमेपलीकडे इंग्रजांचा रुपया, तो कलदार. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशोब असायचा. मला हे प्रमाण कुठून आलं याची उत्सुकता वाटली म्हणून वजनं काढली. १९४० पूर्वीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. त्या काळातला चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम. सहा कलदारांत ६४.१ ग्रॅम आणि सात हालींत ६४. हिशोब बरोबर. त्या दिवशी मी या नादाला लागलो.

पुढे कळत गेलं की ११.६६ ग्रॅम म्हणजे जुना तोळा, आणि रुपयाचं वजन तेच ठेवलेलं असल्यामुळे रुपया हेच वजनमाप होतं. ऐंशी रुपयांचं वजन म्हणजे एक शेर. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दहा ग्रॅम असतात. आजी तोळा म्हणते तेव्हा तिच्या मनात जुना तोळा असतो. एकाच शब्दात दीड ग्रॅमहून जास्त फरक, आणि तो कोणाच्या बाजूने पडतो हे माहितीवर ठरतं.

गळ्यातल्या पुतळ्याच्या माळेचंही असंच. पुतळी म्हणजे मूळचं इटलीतल्या व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख असायचा. व्यापारातून ते आपल्याकडे आलं, त्यावरच्या आकृत्या पाहून लोक त्याला पुतळी म्हणू लागले, आणि पुढे आपल्या सोनारांनी त्याच्या नकला घडवून माळा केल्या. आपल्या पणज्यांनी व्हेनिसचे राजप्रमुख गळ्यात घातले आणि त्यांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं. सोनं चोख आहे ना, बास.

असं काही नवं कळलं की आनंद व्हायचा. या छंदात गुंतवणूक आहे, इतिहास आहे, हिशोब आहे. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन वर्षं आणि मावशी लागली. माझ्या हातात आलेलं प्रत्येक जुनं नाणं कोणीतरी हातातून सोडलेलं असतं. आणि आपल्या भागात चांदी-सोनं हौसेने कोणी सोडत नाही. पेरणी, दवाखाना, लग्न, फी. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या सराफ्यात जुन्या चांदीची मोड कोणत्या महिन्यात जास्त येते, हे तिथल्या कोणत्याही दुकानदाराला विचारा.

मी स्वतःला काय सांगितलं

त्या रात्री मी १९११ चं नाणं प्लास्टिकच्या गोल कॅप्सूलमध्ये ठेवलं आणि एका ओळखीच्या संग्राहकाला फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: साडेचार हजार देतो. मी विकलं नाही, पण आकडा कळला. सातशेचे साडेचार हजार. फरक तीन हजार आठशे, जवळजवळ सोयाबीनच्या बियाण्याच्या एका पिशवीइतका.

कडी लावलेली दोन नाणी मात्र संग्राहकाच्या दृष्टीने बाद असतात. टाका लागला की नाण्याला फक्त चांदीचा भाव. ती मी दुसऱ्या दिवशी सराफाला देऊन टाकली. ती मुशीत गेली.

मला झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. माझ्याकडे कारणं तयार होती. एक, मी सराफापेक्षा शंभर रुपये जास्त दिले. दोन, सराफाने ते नाणं वितळवलं असतं, मी ते वाचवलं. तीन, ओळखण्यासाठी मी तीन वर्षं घालवली, पुस्तकं घेतली, चुकीची नाणी घेऊन फसलो. डॉक्टर ज्ञानाचे पैसे घेतो, मग मी का नाही? चार, मी खोटं काहीच बोललो नाही.

चारही कारणं खरी आहेत. त्यामुळेच त्यांच्यातून बाहेर पडणं अवघड होतं.

ऑगस्टमध्ये माझ्यावर वेळ आली. १९३९ सालचा रुपया फार दुर्मिळ आहे, संग्राहकांचं स्वप्न म्हणावं असा. एका अनोळखी विक्रेत्याने ऑनलाइन फोटो टाकला होता. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. मला वाटलं, याला माहीत नाही आपण काय विकतोय. बघा, पुन्हा तीच वृत्ती. मी घाईघाईने पैसे पाठवले. नाणं आलं ते ११.४ ग्रॅमचं. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडून तोललं. खऱ्या रुपयाचं वजन पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरतं, याचं १.३ ने कमी भरलं. म्हणजे चांदी नव्हतीच, वर मुलामा होता. फोन केला तर विक्रेता शांतपणे म्हणाला, "मी कुठं म्हणालो ते खरं आहे? फोटो टाकला होता. तुम्ही बघून घेतलं."

तो खोटं काहीच बोलला नव्हता.

मला राग आला, आणि मग तो राग नेमका कशाचा हे शोधायला बसलो. पैसे गेले याचा होताच. पण जास्त राग याचा होता की त्याला माहीत होतं, मला माहीत नाही हेही त्याला माहीत होतं, आणि त्याने त्यावरच धंदा केला. आता मावशी आणि मी यांच्यात नेमकं वेगळं काय होतं?

वेगळं होतं, हे मान्य करतो. त्याने दोष लपवला, मी गुण लपवला. त्याने नकली माल खपवला, माझ्या व्यवहारात सगळं अस्सल होतं. पण कमी माहिती असलेल्या माणसाचं नुकसान दोन्हीकडे सारखंच झालं.

कायदा आणि सिसेरो

कायदा माझ्या बाजूने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं सतरावं कलम फसवणूक म्हणजे काय ते सांगतं. त्याच्या स्पष्टीकरणाचा आशय असा की नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे, जोपर्यंत परिस्थितीनुसार बोलणं हे तुमचं कर्तव्य होत नाही. एक उदाहरणही दिलंय: दोघे व्यापारी सौदा करतायत, एकाला भाव बदलल्याची आतली खबर आहे, तर ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही.

वाचून बरं वाटलं. मग पुन्हा वाचलं. उदाहरणात दोघेही व्यापारी आहेत. मावशी व्यापारी नव्हती.

या प्रश्नावर दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी नेमका विचार करून ठेवलाय हे मला नंतर कळलं. रोमचा सिसेरो. इसवी सनपूर्व ४४ मध्ये त्याने अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात दोन विचारवंतांचा वाद मांडलाय: बॅबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचाच शिष्य अँटिपेटर. वादातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्यांना नाही. त्याने सांगावं की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? गुरू म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं, कायदा जेवढं सांगायला लावतो तेवढं सांग. शिष्य म्हणतो, आपण एकमेकांसाठी आहोत, समोरच्याच्या हिताचं जे तुला माहीत आहे ते सांगितलंच पाहिजे.

दुसरं उदाहरण वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला. एखादा माणूस सोनं विकतोय, पण त्याला वाटतंय की आपण पितळ विकतोय. घेणाऱ्याला कळलंय की हे सोनं आहे. भला माणूस सांगेल, की हजाराचा माल एका नाण्यात घेऊन जाईल? ही माझीच गोष्ट होती.

सिसेरोने एका खरेदीदाराचीही गोष्ट सांगितलीय. स्केवोला नावाचा गृहस्थ जमीन घ्यायला गेला, मालकाला किंमत विचारली, ऐकली आणि म्हणाला, माझ्या मते ही जास्त मोलाची आहे. मग वर एक लाखाची भर घालून पैसे दिले. त्यावर सिसेरो म्हणतो, लोक याला भला माणूस म्हणतात, पण शहाणा म्हणत नाहीत. आणि पुढे विचारतो की भलेपणा आणि शहाणपणा असे वेगळे झालेच कसे?

आपल्याकडेही हेच आहे. "भोळा आहे" ही आपल्याकडे शिवी झालीय.

हा प्रश्न फक्त जुन्या नाण्यांचा नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. इंटरव्ह्यूत एचआरला या पदासाठी किती पगार ठरलाय ते माहीत असतं, आपल्याला नसतं. आपण कमी मागितलं तर ते हसून "डन" म्हणतात, आणि सहा महिन्यांनी शेजारच्या खुर्चीवरच्याचा आकडा कळतो. मोंढ्यात शेतकरी सोयाबीन घेऊन जायचा तेव्हा बाजारातली तेजीमंदी अडत्याला आधी कळायची. आज लातूरचा सोयाबीनचा दर फोनवर दिसतो, ती दरी बरीच बुजली. पण एक बुजते तेव्हा दुसरी कुठेतरी पडते, आणि बहुतेक वेळा आपण एका दरीत खाली असतो आणि दुसरीत वर.

नाणं कशासाठी काढलं

विचार करता करता मी मूळ प्रश्नावर आलो. माणसाने नाणं काढलंच कशाला?

धातूचा तुकडा देऊन माल घेता येत होताच. अडचण अशी होती की दर वेळी तोलायचा, कसोटीवर घासायचा, आणि ज्याला कस कळत नाही त्याने फसायचं. म्हणून कोणीतरी तुकड्यावर ठसा मारला. ठशाचा अर्थ असा: याचं वजन आणि कस मी तपासलाय, तू तपासायची गरज नाही. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांना भेटून पंजाबकडे निघालेल्या बंदा बहादूरने पुढे नाणी पाडली, तीसुद्धा स्वतःच्या नव्हे तर गुरूंच्या नावाने. लोकांचा विश्वास ज्या नावावर असतो, ते नाव ठशात जातं. कलदाराच्या कडेला बारीक रेघा असतात त्याही याचसाठी. कोणी कड कानशीने घासून चांदी काढली तर ते आंधळ्यालाही बोटाने कळावं.

म्हणजे नाणं ही न जाणणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली वस्तू आहे. जाणणारा आणि न जाणणारा यांना एका पातळीवर आणण्याचं यंत्र. ज्याला काही कळत नाही त्यानेही बाजारात मान वर करून उभं राहावं, यासाठी.

ही व्यवस्था कधीच पूर्ण चालली नाही. नाणं झिजलं की सराफ बट्टा कापायचा. एका चलनातून दुसऱ्यात जाताना बट्टा. किती कापायचा हे त्याला माहीत, शेतकऱ्याला नाही. 'नावाला बट्टा लागला' हे आपण रोज म्हणतो, पण तो शब्द सराफाच्या पाटावरून आलाय हे विसरलोय. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, इंग्रज सरकारने रुपयातली चांदी ९१.७ वरून पन्नास टक्क्यांवर आणली. ठसा राजाचाच, किंमत एक रुपयाच. ज्यांना कळलं त्यांनी जुने रुपये घरात दडवले आणि नवे बाजारात फिरवले. ज्यांना कळलं नाही त्यांच्या हातात नवेच राहिले.

आता संग्राहक काय करतो बघा. मावशीच्या त्या रुपयावर साल छापलंय. ते सगळ्यांना दिसतं. पण आकडे इंग्रजीत, आणि त्यांचा अर्थ फक्त मला माहीत. ज्या ठशाने दोघांना समान करायचं, तोच ठसा आता फक्त माझ्याशी बोलतोय. नाण्याने बुजवलेली दरी माझ्या छंदाने पुन्हा उकरली, आणि मी तिच्या वरच्या काठावर उभा राहून "सातशेनं घेतो" म्हणालो.

मला वाटतं मूळ चूक इथे होती. ज्ञानाचे पैसे घेणं चूक नाही. डॉक्टरची उपमा मी चुकीच्या ठिकाणी वापरली. डॉक्टर आधी आजार सांगतो, मग फी घेतो. किडनी महाग असते हे लपवून पेशंटकडून स्वस्तात घेत नाही. मीही म्हणू शकलो असतो, "मावशी, हे एक वेगळं आहे, मी विकून देतो, दहा टक्के माझे." नाणं वाचलं असतं, माझ्या तीन वर्षांचे पैसेही मिळाले असते. माझी पहिली तिन्ही कारणं शाबूत राहिली असती. गप्प बसण्याची गरज त्यातल्या एकालाही नव्हती. गप्प बसून फक्त एकच गोष्ट मिळत होती, ती म्हणजे तिचा वाटा.

दिवाळी

त्या वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. सोयाबीन फुलात असताना पाणी नाही. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मावशीच्या घरी गेलो. खिशात कॅप्सूल होती आणि तीन हजार आठशे रुपये होते.

सगळं सांगितलं. हत्ती, डुक्कर, साल, साडेचार हजार. म्हणालो, "नाणं परत घे नाहीतर हे पैसे घे, तू म्हणशील तसं." तिने कॅप्सूल हातात घेतली, उजेडात धरून बघितली, आणि परत दिली. पैसे घेतले, मोजले, कमरेच्या पिशवीत ठेवले. मला वाटलं, संपलं. हलकं वाटायला सुरुवात झाली होती.

मग तिने विचारलं, "अन् बाकीच्या धांचं काय?"

"बाकीचे साधेच होते मावशी. खरंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या पुतण्याने तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता, जुन्या रुपयाला लाखो रुपये मिळतात असा. हे व्हिडिओ बहुतेक फसवणुकीचे असतात, रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये अशा जाहिरातींपासून सावध राहायला सांगितलं होतं. मी हे सगळं समजावलं. उरलेल्या नाण्यांचे फोटो, भाव, सगळं दाखवलं. ती "हं, हं" म्हणत राहिली.

तेव्हा मला कळलं की तीन हजार आठशे हा त्या मौनाचा पूर्ण हिशोब नव्हताच. मी एका नाण्याबद्दल गप्प बसलो, त्यामुळे बाकीच्या दहांबद्दल बोललेलं खरंही खोट्यात गेलं. चांदीत तांबं मिसळलं की ते एका कोपऱ्यात राहत नाही, सगळ्या नाण्यात पसरतं.

शेवटी तिने विचारलं, "कडीवाले दोन हायेत का?"

मी गप्प. त्या व्यवहारातला माझा दुसरा गप्प. पण या वेळी सांगितलं. "ते सराफाला दिले मावशी. आटवले त्यानं."

ती काही वेळ बोलली नाही. मग सांगितलं. मावशीचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या आधी भूकंप झाला, दगडमातीचं घर बसलं, आत तिची आई होती. घराची माती उपसताना भावाला एक गाडगं सापडलं, त्यात नऊ रुपये होते. कडीवाले दोन गाडग्यात नव्हते. ते आईच्या गळ्यात होते.

"तू तर म्हणालास, मी घेतो. मला वाटलं घरातच हायेत, पुढं मागं मागता येतील."

मी काय बोलणार? सराफापेक्षा शंभर रुपये जास्त, म्हणून ती मला दिली नव्हती. घरात राहतील म्हणून दिली होती. १९११ चं मोल मला माहीत होतं, तिला नव्हतं. कडीवाल्यांचं मोल तिला माहीत होतं, मला नव्हतं. फरक इतकाच की ते मला विचारता आलं असतं. 'कुठले गं हे?' एवढंच विचारायचं होतं. पण मी साल बघत होतो.

"गेलं ते गेलं," म्हणाली, आणि चिवड्याची ताटली पुढे केली.

आता

छंद सोडला नाही. सोडला असता तर लेखाचा शेवट चांगला झाला असता, पण ते खरं नसतं. मला अजूनही काळी पडलेली चांदी बघितली की साल शोधावंसं वाटतं. फक्त तीन गोष्टी ठरवल्यात.

एक, आधी सांगायचं, मग भाव करायचा. समोरचा सराफ असेल, लिलाववाला असेल, दुसरा संग्राहक असेल तर हा नियम मी पाळत नाही. ते त्यांचं काम आहे, आणि करार कायद्यातलं ते उदाहरण त्यांच्यासाठीच आहे. पण जो गरजेपोटी विकतोय आणि ज्याचा हा धंदा नाही, त्याच्यासमोर गप्प बसण्याचा अधिकार मला नाही. मध्ये बरीच माणसं येतात, जी पूर्ण व्यापारी नाहीत आणि पूर्ण मावशीही नाहीत. तिथे मी चुकतो. तिथे सांगून थोडं नुकसान करून घेणं मला परवडतं, एवढं मी ठरवलंय, कारण मला महिन्याच्या एक तारखेला पगार येतो.

दोन, भाव विचारण्याआधी नाणं कुठून आलं ते विचारायचं.

तीन, कडी लावलेली नाणी आटवायला द्यायची नाहीत. माझ्याकडे आता अशी चौदा आहेत. बाजारात त्यांना चांदीपलीकडे किंमत नाही. प्रत्येकासोबत एक चिठ्ठी आहे, कोणाकडून आलं, कोणत्या गावचं. तीन जणांनी परत नेली, घेतली त्याच भावात. मधल्या काळात चांदी बरीच वर गेली होती. गुंतवणूक म्हणून हा मूर्खपणाच आहे.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातले एक आजोबा फडक्यात बांधून सहा चारमिनारी रुपये घेऊन आले. म्हणाले, मावशीने पाठवलंय. मला बरं वाटलं. वाटलं, विश्वास बसला पुन्हा.

"काय म्हणाली मावशी?" मी विचारलं.

आजोबा हसले. "म्हणली, त्याला दाखव. तो सांगंल खरं. अन् मग सराफालाबी दाखव."